रेस्टिव म्हणजे आराम

४ फेब्रुवारी, मंगळवार

सोडून आलो तिला.

गाडीतून उतरेना. दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसली. सिस्टर बाहेर आल्या, "चला आजी, आत पंखा आहे, पलंग आहे," म्हणाल्या. ढिम्म हलली नाही. शेवटी मी वाकून म्हणालो, "उतर की गं, अडेलतट्टू कुठली!" चव्वेचाळीस वर्षं म्हणत आलोय. यावर तिचं उत्तर ठरलेलं — "तट्टू तर तट्टू, ओझं कुणाचं वाहतेय ते बघा आधी." आज उत्तर आलं नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे. मग हात सैल पडले आणि उतरली.

या देखभाल केंद्राचा नियम असा, की पहिले एकवीस दिवस भेटायचं नाही. फोनवरही बोलायचं नाही. "रुळायला वेळ द्या काका. घरचं माणूस दिसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात." रोज संध्याकाळी सहाला फोनवर निरोप येईल. पंचवीसला डॉक्टर तपासतील. अठ्ठावीसच्या आत मी ठरवायचं, कायमची तिथे ठेवायची की घरी आणायची. कागद दिलाय. माझ्या सहीची जागा रिकामी आहे.

नियम मला पटला. मोटर भरताना वार्निश ओलं असेल तर कॉइलला बोट लावायचं नाही, हे मीच सगळ्यांना सांगतो.

५ फेब्रुवारी

पहिला निरोप आला. बरोब्बर सहाला! इंग्रजीत आहे. छापील फॉर्मच असावा, नुसत्या रिकाम्या जागा भरायच्या. जेवण — अर्धं. झोप — ठीक. संध्याकाळ — रेस्टिव.

चष्मा लावून दोनदा वाचला. रेस्टिव. म्हणजे रेस्ट करते आहे. ॲक्टिव म्हणजे ॲक्ट करणारा, रेस्टिव म्हणजे रेस्ट करणारा. मला कॉलेज नाही, पण मोटरींच्या पाट्या वाचून वाचून एवढं इंग्रजी हाडात मुरलंय.

पहिल्याच दिवशी आराम! जीव भांड्यात पडला.

६ फेब्रुवारी

रेस्टिव. जेवण अर्धंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

बेकरीवाल्याची मोटर भरायला आली आहे. कणीक मळायच्या मशीनची. आतली तार जळून काळी. सगळी काढली, खाचा घासल्या, नवा कागद घातला. आज अर्ध्या कॉइल बसवून झाल्या. मालक म्हणाला, सोमवारी द्या. म्हटलं, मोटर आहे, पाव नाही — वार्निश भाजायला वेळ लागतो.

काम चालू असलं की बरं असतं. सहा वाजले की पंचाईत होते.

सहाला ती दुकानाच्या दारात यायची. वरच्या दोन खोल्यांतून खाली अकरा पायऱ्या. आत यायची नाही, हाकही मारायची नाही. नुसती उंबऱ्यावर उभी. मी हात धुवेपर्यंत जागची हलायची नाही. गिऱ्हाईक असलं तरी. एकदा एकाने विचारलं, बाईंना काय हवंय? मी म्हटलं, मी. तो लाजला, ती नाही.

आज सहाला मी हात धुतले आणि दाराकडे बघितलं. सवय, दुसरं काय.

मग निरोप आला. रेस्टिव.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. ती तिकडे लांब, तिच्या नोकरीत. वर्षभर तिचंच टुमणं होतं, "बाबा, तुम्हाला झेपत नाही. मान्य करा." आज विचारलं, आई कशी आहे? म्हटलं, आराम करते. रोज आरामच करते. ती रडायला लागली. म्हणाली, "मला वाटलं होतं आई ऐकणारच नाही त्यांचं."

मलाही तसंच वाटलं होतं.

१० फेब्रुवारी

रेस्टिव. जेवण पूर्ण.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही.

माझ्याजवळ असताना गेल्या दोन वर्षांत एक संध्याकाळ निवांत गेली नाही. पाच वाजले की सुरू. दार उघड, दार लाव, खिडकीशी जा, परत ये. गॅस चालू ठेवून जिना उतरायची. दोनदा रस्त्यावर सापडली. आणि तिथे गेल्या गेल्या रेस्ट! सात दिवस सलग! म्हणजे आजार तिला नव्हताच, मीच होतो तिचा आजार.

लहान मुलासारखं लिहितोय. पण या वहीत नाही लिहायचं तर कुठे लिहायचं? बेकरीवाल्याला सांगू?

१२ फेब्रुवारी

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची. डॉक्टर वर्षापूर्वी म्हणाले होते, हळूहळू माणसं ओळखणार नाही. लेकीला बाहेरच्या खोलीत "तुम्ही कुणाच्या?" असं विचारलं, तेव्हा लेक मोरीत जाऊन रडली. शेजारणीला विसरली. स्वतःच्या बहिणीचा फोटो उलटा करून ठेवला. पण मला शेवटपर्यंत 'अहो'! अहो, चहा घ्या. अहो, दार लावा. अहो, बसा ना. नाव तिने कधीच घेतलं नाही. मला 'अहो', आणि चार माणसांत 'हे'. ते दोन्ही शाबूत राहिले.

बाकी सगळं पुसलं गेलं, मी राहिलो. एवढ्यावर मी वर्ष काढलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण लिहितोच.

नोव्हेंबरपासून मी तिला कुलूप लावत होतो. वरच्या खोलीला, बाहेरून. खाली काम करायचं आणि वर लक्ष ठेवायचं, दोन्ही जमेना. एक हात तारेवर, एक कान जिन्याकडे. वेटोळ्यांचे आकडे चुकायला लागले. मग कुलूप. दोन तास. नंतर तीन. कुणाला सांगितलं नाही.

एकदा सहाच्या सुमाराला एक गिऱ्हाईक म्हणालं, "वर काहीतरी आपटतंय." मी म्हटलं, खिडकी असेल. वर गेलो तर ती दाराला तळहात मारत होती. ओरडत नव्हती. नुसता हात — थांबून थांबून. तळवा सुजला होता. मी दार उघडलं तर माझ्या बाजूने वाट काढून जिन्यात जाऊन उभी राहिली. त्या रात्री लेकीला फोन केला आणि हो म्हणालो.

माझ्या कुलपापेक्षा त्यांचा आराम बरा. हे मी स्वतःला रोज समजावतो.

निरोप: रेस्टिव.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आल्या होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे बाईच म्हणतात. टेबलफॅन घेऊन आल्या, पिशवीत घालून. फॅन माझ्या लेकीच्या वयाचा. म्हटलं, बाई, नवा स्वस्त पडेल. म्हणाल्या, "याच्या आवाजात झोप लागते मला. नव्याशी आता ओळख कोण वाढवणार?"

पटलं. गुरुवारी देतो म्हटलं.

१८ फेब्रुवारी

ठरवलं. सही करायची. ती रुळली आहे. रोज आराम करते, आता जेवणही पूर्ण. आपल्याला करमत नाही म्हणून तिला उठवून आणायचं, हा निव्वळ स्वार्थ झाला.

तिच्या चपला जिन्याच्या खालच्या पायरीवर होत्या. उचलून कपाटात ठेवल्या. मग परत काढून पायरीवर ठेवल्या. सही होईपर्यंत राहू देत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जमेल तेवढं लिहितो.

बाई फॅन न्यायला आल्या. लावून दाखवला. ऐकत उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "तोच आवाज." मग विचारलं, वहिनी कशा आहेत? मी म्हटलं, केंद्रात ठेवलंय, उत्तम आहे. आणि मला दुर्बुद्धी सुचली, किंवा सुबुद्धी म्हणा. इंग्रजीच्या बाई समोर आहेत तर जरा आपलंही इंग्रजी दाखवावं! हात दाखवून अवलक्षण. म्हटलं, "शी इज व्हेरी रेस्टिव, बाई. एव्हरी डे रेस्टिव."

बाईंनी फॅन खाली ठेवला.

"कोण म्हणालं असं?"

"तिथून निरोप येतो ना रोज. हे बघा." फोन दिला.

त्या वाचत गेल्या. एकेक दिवस मागे, मागे. मग माझ्या स्टुलावर बसल्या. न विचारता.

"तुम्ही याचा अर्थ काय लावलात?"

"आराम करते आहे."

"रेस्टिव म्हणजे आराम नाही हो."

"अहो बाई, रेस्ट आहे की त्यात! र-ए-स-ट."

"आहे. मुलं परीक्षेत हेच लिहायची, दर वर्षी. मी लाल रेघ मारायची." मग म्हणाल्या, "ऐकत नाही, जुमानत नाही, अडून राहते. अस्वस्थ आहे. असा अर्थ होतो."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. तीस-पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला सांगितलं मी! त्या रागावल्या नाहीत. "उद्या डिक्शनरी घेऊन येते," म्हणाल्या. फॅन इथेच विसरून गेल्या.

सहाला निरोप आला. उघडला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई सकाळीच आल्या. डिक्शनरी एवढी जाड की दोन हातांनी धरलेली. बेकरीवाल्याच्या मोटरीवरच ठेवली. अर्थ वाचला, माझ्याच्याने ऐकवेना. मग म्हणाल्या, "थांबा. हा शब्द आला कुठून ते ऐका. मग तुमची चूक तुम्हाला इतकी मोठी वाटणार नाही."

इंग्रजीत रेस्ट दोन आहेत म्हणे. दिसायला जुळे, पण नात्याचे नाहीत. एक आरामाचा. तो त्यांचा घरचा, जुना. दुसरा लॅटिनमधून, फ्रेंचांच्या वाटेने आलेला. त्याचा मूळ अर्थ मागे थांबणं, जागेवर उभं राहणं. आणि मागे थांबलं ते उरलं, म्हणून उरलेलं म्हणजेही रेस्ट. रेस्टिव निघाला तो या दुसऱ्यातून.

"आधी घोड्याला म्हणायचे," बाई म्हणाल्या. "पुढे पाऊल टाकायला नकार देणारा घोडा. पळत नाही, उधळत नाही. नुसता उभा राहतो."

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "अडेलतट्टू."

बाईंनी मान वर केली. "अगदी. हाच शब्द. इतकं नेमकं भाषांतर मला वर्गात कधी सुचलं नाही."

कसं सुचणार? मी ते चव्वेचाळीस वर्षं रोज करत होतो.

मग मी विचारलं, उभा राहणारा घोडा, तर त्याचा अर्थ अस्वस्थ कसा झाला? त्या म्हणाल्या, घोडा अडला की मालक चाबूक काढणार. मारलं की घोडा पाय झाडणार, डावीउजवीकडे होणार. बघणाऱ्यांना तेवढं झाडणंच दिसलं. हळूहळू शब्दाचा अर्थ तोच झाला. "त्याला बिचाऱ्याला जागेवर उभं राहायचं होतं, बास. अरेस्टही त्याच घरातला. धरून थांबवणं. आणि तुमच्या मोटरीत तो न फिरणारा भाग असतो ना —"

"स्टेटर."

"तोही याच घराण्यातला. उभा राहणारा."

म्हणजे हा शब्द मी चाळीस वर्षं हातात धरून बसलो होतो. रोटर फिरतो, लोकांना तेवढाच दिसतो. पण स्टेटर जागेवर घट्ट उभा असतो म्हणून तो फिरतो. स्टेटर जळला तर सगळं बंद. माझं दुकान चाललं ते उभ्या राहणाऱ्यावर. आणि माझं घरही.

बाई गेल्यावर बेकरीवाल्याच्या मोटरीला मेगर लावला. तार आणि लोखंड यांच्यामध्ये किती अडवणूक आहे ते सांगणारं यंत्र. रेझिस्टन्स. आकडा मोठा आला तर मोटर निरोगी. शून्य आला तर गेली. अडवणूक आहे तोवर जीव आहे, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. आणि बायकोची अडवणूक रोज सहाला मला कळवत होते, आणि मी म्हणत होतो, छान, आराम चाललाय.

केंद्रात फोन केला. नियम गेला खड्ड्यात. सिस्टर म्हणाल्या, "हो काका. साडेपाचपासून काचेच्या दाराशी उभ्या राहतात. पिशवी धरून. बसा म्हटलं तर बसत नाहीत. हात धरला तर झटकतात. आठला पाय दुखले की आपल्या आपण जाऊन झोपतात. कुणाला त्रास नाही त्यांचा. आमच्या फॉर्मात संध्याकाळला दोनच चौकटी आहेत, शांत किंवा रेस्टिव. मी तरी काय करू? तुम्ही काहीच विचारलं नाहीत, मला वाटलं तुम्हाला सवय असेल."

सतरा संध्याकाळी. मी इथे दाराकडे बघत होतो आणि ती तिथे.

उद्या आणतो तिला घरी. दुकान बंद करीन, वरच बसून राहीन, काय वाटेल ते करीन. सही करणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी खोली झाडली. गॅसची नळी काढून ठेवली. कुलूप किल्लीसकट भंगाराच्या डब्यात टाकलं. दुपारी आंघोळ केली. हात रॉकेलने घासले, मग साबणाने, मग परत. नखांतला वार्निश टाचणीने काढला. इस्त्रीचा शर्ट घातला. इतक्या दिवसांनी बायकोला आणायला जायचं, जरा माणसात दिसावं.

पावणेसहाला पोचलो. काचेच्या आत उभी होती. वाळली आहे. केस कुणीतरी वेगळेच बांधलेले. पिशवी छातीशी. माझ्याकडेच बघत होती असं वाटलं. मी हात केला. ती बघतच राहिली — माझ्या मागे, फाटकाकडे.

आत गेलो. म्हटलं, "चल. घरी जाऊ."

"अहो, नको." अगदी गोड आवाजात. "तुम्ही व्हा पुढे. मला नाही येता येणार."

"का गं?"

"हे येतील ना सहाला. मी इथे नसले तर शोधत बसतील."

मी म्हटलं, "मीच —" आणि पुढे शब्दच नाही. मीच 'हे' आहे, असं कसं म्हणायचं? ते मी म्हणायचं नसतंच. ते फक्त ती म्हणू शकते. माझं नाव सांगितलं. ते तिने कधी तोंडाने घेतलेलंच नव्हतं. ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, एखाद्या पाहुण्याला म्हणावं तसं.

मग मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही भले गृहस्थ दिसता. पण आमचे हे तरुण आहेत. आणि त्यांच्या हाताला वार्निशचा वास येतो."

मी माझा हात नाकाशी नेला. साबण.

सिस्टर म्हणाल्या, "काका, दोघंजण बोलावू का? उचलून गाडीत बसवतील, दोन मिनिटांचं काम." मी नाही म्हणालो. घरातून ओढून नेली ती एकदा पुरे झाली. तिच्यापासून चार हातांवर आठपर्यंत उभा राहिलो. आठला ती मला म्हणाली, "आज उशीर झाला वाटतं त्यांना," आणि आत गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर एकच प्रश्न. कधीपासून?

नवऱ्याला अहो. परक्यालाही अहो. नवऱ्याला तुम्ही, परक्यालाही तुम्हीच. मी बाईंनाही अहोच म्हणतो. मला अरे-तुरे करणारी बायको असती तर ज्या दिवशी 'अहो' आलं त्या दिवशी कळलं असतं, की मी पुसलो गेलो. इथे कळायला काही मार्गच नव्हता. अहो, चहा घ्या — हे नवऱ्याला होतं की दारात आलेल्या सभ्य माणसाला? नोव्हेंबरात? त्याच्या आधीच्या वर्षी? कुलूप उघडलं तेव्हा माझ्या बाजूने वाट काढून ती जिन्यात गेली — माझीच वाट बघायला?

एक शब्द परक्या भाषेतला चुकलो, त्याचं काही वाटत नाही. हा तर घरातला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज मुद्दाम दुपारी एक मोटर वार्निशमध्ये बुडवली. हात पुसले नाहीत. तसाच बसमध्ये बसलो. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे गेला.

तिच्यासमोर उभा राहिलो. हात पुढे केला. तिने वास घेतला. डोळे मिटले. चेहरा असा उजळला की मला वाटलं — आलं, सगळं परत आलं!

डोळे उघडून म्हणाली, "तुम्हीही तिथेच कामाला आहात का? मग सांगा ना त्यांना, रोज उशीर करू नका म्हणावं."

सांगतो म्हटलं.

२५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी तपासलं. तब्येत ठीक, म्हणाले. संध्याकाळचं उभं राहणं कमी करायचं असेल तर गोळी देता येईल. दिवसभर जरा गुंगी राहील, पण शांत राहतील. फॉर्मातली दुसरी चौकट!

विचार केला. खरंच केला. मग नाही म्हटलं. बाईंनी तो दुसरा रेस्ट सांगितला होता, उरलेलं. तिच्यात आता एवढंच उरलंय. सहाला दारात उभं राहायचं आणि माणूस आल्याशिवाय हलायचं नाही. ते काढून घेतलं तर मग आत उरणार कोण?

"पाय दुखतात त्यांचे," डॉक्टर म्हणाले. ते मात्र खरं आहे. घोटे सुजलेत.

२६ फेब्रुवारी

लेकीला सगळं सांगितलं. कुलपाचंही. मग म्हणाली, "बाबा, घरी आणली तरी ती तुमच्या दारात उभी राहून तुमचीच वाट बघेल." पोरगी आईवर गेली आहे, थोडक्यात बोलते.

घरी आणली तर ती वाट कुणाबरोबर बघणार? मी खाली कामात असणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बेकरीवाला मोटर घेऊन गेला. दुकानाच्या दारावर पाटी लावली: 'पाच वाजता बंद'. बाई वाचायला थांबल्या. एक लाकडी बाकडं होतं माझं, गिऱ्हाइकांसाठी. दोन माणसांचं. ते टेम्पोत घालून केंद्रात नेऊन ठेवलं, काचेच्या दाराशी. सिस्टर म्हणाल्या, नियमात बसत नाही. म्हटलं, नियमात नका बसवू, दाराशी बसवा.

ती आठपर्यंत उभीच राहिली. मीही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सही केली.

सहा वाजले तसं तिने बाकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहो, उभे किती वेळ राहाल? बसा ना. येतीलच हे." बसलो. मग तीही बसली, पिशवी मांडीवर घेऊन. आता आम्ही दोघं माझी वाट बघतो.